सूत्रातला बैल

घाट ट्रेसर नावाचं एक साधं अवजार असतं. एक पोकळ नळी, तिच्या एका टोकाला डोळा लावायचं बारीक भोक, दुसऱ्या टोकाला उभी-आडवी तार. नळीच्या अंगाला खुणा केलेली पट्टी आणि तिच्यावर पुढेमागे सरकणारं एक वजन. हे सगळं काठीला टांगायचं. वजन ज्या खुणेवर न्यावं त्या मानानं नळी कलते. समोर डोंगराच्या अंगावर दुसरा माणूस तेवढ्याच उंचीची फळी धरून उभा राहतो. त्याची फळी तारेवर येईपर्यंत त्याला हाका मारून खालीवर सरकवायचं, आणि आली की त्याच्या पायाशी खुंटी ठोकायची. अशा खुंट्यांची माळ डोंगरावर पडत गेली की घाटरस्त्याचा चढ जमिनीवर उमटतो. नाव इंग्रजी, पण त्यातला 'घाट' आपला.

१९८४ साली हे अवजार माझ्या हातात आलं तेव्हा मी बांधकाम खात्यात नवीन कनिष्ठ अभियंता होते. वेल्ह्याच्या बाजूला डोंगरावरच्या एका वाडीला खालच्या रस्त्याशी जोडायचं होतं. वाडी फाट्यापासून साधारण शंभर मीटर उंचावर. एकास वीसचा चढ धरला, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, तर दोन किलोमीटर रस्ता लागणार. एकास सोळा धरला तर सोळाशे मीटरांत वाडी येते. चारशे मीटरांचं खोदकाम, मोऱ्या, दगडी भिंती, सगळं वाचतं. मला बचत करून दाखवायची होती. मी वजन एकास सोळावर सरकवलं आणि खुंट्या ठोकायला लागले.

आमचे मुकादम पन्नाशीचे, भोर तालुक्यातले. चार खुंट्यांनंतर ते थांबले आणि म्हणाले, "बाई, कागदावर बसंल हे. बैलाच्या खांद्यावर न्हाई बसायचं."

मी म्हटलं, "मुकादम, पुढं-मागं जीपच येणार ना इथं?"

"जीप येईल तवा येईल. आदी भाताची गाडी यायची हाय."

ते माझ्यापुढे चालत गेले, आणि भरलेली गाडी जिथे जिथे दम घ्यायला थांबेल तिथे पायानं माती उकरून खुणा करत गेले. संध्याकाळी त्यांच्या खुणांशी मी कोष्टक ताडून पाहिलं. डोंगरी रस्त्यांसाठी भारतीय रस्ते परिषदेनं नेहमीचा चढ एकास वीस असावा असं सांगितलेलं होतं. मुकादमांनी हे पुस्तक कधी पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या खुंट्या उपटल्या आणि वजन एकास वीसवर आणलं.

त्या दिवसापासून रस्त्याच्या पुस्तकातला प्रत्येक आकडा मी संशयानं वाचायला लागले. हा आकडा कुणाच्या खांद्यावरून आला? कुणाच्या चाकावरून? पुढे पस्तीस वर्षं नोकरी केली. माझं माहेर खोपोलीचं, बोरघाटाच्या पायथ्याचं, त्यामुळे या प्रश्नाची उत्तरं शोधायला मला लांब जावं लागलं नाही. एकाच डोंगराच्या अंगावर दोन-अडीचशे वर्षांतले रस्ते एकमेकांशेजारी पडलेले आहेत.

पण सुरुवात नाणेघाटापासून करायला हवी. जुन्नर आणि कल्याण यांना जोडणारी ही वाट सातवाहनांच्या काळातली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. वरच्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे, खिंडीच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. मी मात्र तिथे गेले की पायऱ्या बघत बसते. कातळात खोदलेल्या आणि दगड बसवून केलेल्या, रुंद आणि ओबडधोबड. गाडीला त्या निरुपयोगी आहेत. पाठीवर गोणी घेतलेल्या बैलाला, गाढवाला आणि डोक्यावर ओझं घेतलेल्या माणसाला मात्र चांगल्या, कारण खूर पायरीवर सपाट टेकतो आणि घसरत नाही. ज्या वाटेवर चाक नाही तिथे चढ मोजायची गरजच नसते. पायरीची उंची तेवढी बघावी लागते.

सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा शेकडो वर्षं अशाच होत्या. कोकणातलं मीठ वर, देशावरचं धान्य खाली, सगळं लमाणांच्या तांड्यांतून बैलांच्या पाठीवर. प्रतापगडाजवळच्या एका घाटाचं नावच रडतोंडीचा घाट. चढताना माणसाची आणि जनावराची तोंडं कशी होत असतील ते त्या नावात शिल्लक आहे. खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ आहे. लहानपणी आम्ही त्या तलावाकडे देवळाचा तलाव म्हणून बघत होतो. घाट चढण्यापूर्वी शेकडो जनावरांना पाणी पाजायला किती पाणी लागत असेल, हा हिशेब मी पुढे नोकरीत मांडला, आणि मग तलावाचा आकार कळला.

चाक या डोंगरावर प्रथम तोफेमुळे चढलं. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघाली ती बोरघाटानं. बरोबर एकोणीस हजार बैल होते. तोफा वर ओढायच्या म्हणून पुढे वाट रुंद करत जायचं, मागून तोफा आणायच्या, आणि घाट चढल्यावरही दिवसाला दोनेक मैल एवढीच मजल. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, तोच आपला इष्टुर फाकडा. तळेगावापर्यंत पोचून फौजेला माघार घ्यावी लागली. एवढ्या कष्टानं वर आणलेल्या जड तोफा त्यांनी तळेगावच्या तळ्यात टाकल्या आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला हार पत्करली. आपण हा प्रसंग मराठ्यांच्या गनिमी काव्यासाठी वाचतो, आणि वाचायलाच हवा. पण माझ्या धंद्यातलं माणूस त्यात घाटाचा चढही वाचतं. बोरघाट जर गाडीरस्ता असता तर ती फौज पुण्याच्या दारात कितीतरी आधी उभी राहिली असती.

बोरघाटात नीट गाडीरस्ता झाला तो पेशवाई गेल्यानंतर, गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या काळात. काम कॅप्टन ह्यूज या इंजिनिअरकडे होतं. १० नोव्हेंबर १८३० रोजी, काम पुरतं संपायच्या आतच, माल्कम स्वतः घोडागाड्या घेऊन या रस्त्यानं घाट उतरला. कोकण आणि देश यांच्यामध्ये चाकाची ये-जा सुरू झाली ती अशी. वर्षानुवर्षं बैलाच्या पाठीवर अडीच-तीन मणांची गोणी जात होती. आता तीच जोडी गाडीला जुंपली की कितीतरी पट माल ओढू लागली. इतिहासात या तारखेला मोठं स्थान मिळालेलं नाही. मला ती फार मोठी वाटते.

चाक आलं म्हणजे चढ मोजणं आलं. पाठीवरचा भार चढावर जड होतो, पण गाडीचा भार चढावर मागे ओढतो. दोन्ही गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. माझी आजी सांगायची की तिच्या लहानपणी घाटाच्या तोंडाशी भाड्याच्या बैलजोड्या उभ्या असायच्या. भरलेल्या गाडीला पुढे दुसरी जोडी लावायची आणि वर पोचल्यावर सोडायची. एक पोरगा चाकामागून दगडाची उटी घेऊन चालायचा. बैल थांबले की त्यानं क्षणात उटी चाकाखाली सारायची, नाहीतर गाडी मागे जाणार. वळणावर दोन जोड्यांची खरी परीक्षा. पुढची जोडी वळलेली, मागची अजून सरळ, आणि गाडी तिसऱ्याच दिशेला. पुढच्यांचा जोर गाडीला सरळ मिळतच नाही, थोडा तिरपा वाया जातो.

कॉलेजात हेच मी 'वळणावर चढ कमी करणे' या नावाखाली शिकले होते. वळणाच्या कोनाच्या कोज्येनं ओढ कमी होते, म्हणून जिथे चढ आणि वळण एकत्र येतात तिथे चढ सौम्य करायचा, असं पाठ्यपुस्तक सांगत होतं. आकृतीत एक बाण आणि एक कोन. आजीचं बोलणं आठवल्यावर त्या बाणाला शिंगं दिसायला लागली.

केसपिनेच्या आकाराचं वळण, ज्याला आपण सरळ हेअरपिन म्हणतो, तेही तसंच. आतल्या कडेची त्रिज्या किमान चौदा मीटर, वेग ताशी वीस किलोमीटर धरलेला, आणि तेवढ्या तुकड्यात चढ एकास चाळीसपेक्षा जास्त नको. म्हणजे नेहमीच्या चढाच्या निम्मा. तिथेच जनावर दम खातं. आणि चढ अगदी शून्यही नको, एकास दोनशे तरी हवा, नाहीतर पाणी साचतं. लोणावळा-खंडाळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा ठिकाणी रस्ता मोडतो तो गाड्यांच्या वजनानं कमी आणि पाण्यानं जास्त. म्हणून डोंगराच्या अंगाचं गटार, ठरावीक अंतरावर मोऱ्या, मध्ये किंचित फुगीर रस्ता. आमचे मैलकुली पावसाळ्याआधी फावडं घेऊन आपापल्या हद्दीतली गटारं मोकळी करायचे, साइडपट्टी तासून रस्त्याच्या कडेपेक्षा खाली ठेवायचे. आज त्या पदावर माणसं जवळजवळ उरली नाहीत. गटार तुंबतं, पाणी रस्त्यावरून वाहतं, आणि पहिल्याच पावसात खड्डे पडले म्हणून आपण डांबराला शिव्या देतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण फावड्याच्या चार फटक्यांनी टळणारं हे नुकसान आहे.

पुढचा थोडा भाग झरझर सांगते. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. जेम्स बर्कलीच्या आखणीनं एकास सदतीसचा चढ, पंचवीस बोगदे, आणि हजारो मजुरांचे कॉलऱ्यानं गेलेले जीव. आगगाडीला हेअरपिन घेता येत नाही, म्हणून खंडाळ्याजवळ गाडी थांबवून उलट दिशेनं ओढायचं स्थानक केलं होतं. बैलाला दिलेलं वळण इंजिनाला देता येत नाही, म्हणून सगळी गाडीच उलटी फिरवली! वाट दाखवणारा म्हणून ज्याची कथा सांगतात त्या शिंगरोबा धनगराचं देऊळ जुन्या घाटरस्त्यावर आहे. माझे वडील एसटीनं जाताना न चुकता खिडकीतून नाणं टाकायचे. घाटाची आखणी पहिल्यांदा करतो तो तिथे जनावरं चारणारा माणूस, हे त्या देवळाइतकं स्पष्ट कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

रेल्वेनं माल नेला आणि रस्ता बरीच वर्षं दुय्यम राहिला. मोटार आली तेव्हा तो परत जागा झाला, आणि जागा झाल्यावर पहिली तक्रार धुळीची होती. खडी-मुरूम दाबून केलेल्या रस्त्यावर बैलगाडीची लोखंडी धाव खडी भरडते, आणि रबरी टायर त्या भरडलेल्या भुकटीला वेगानं ओढून उडवून लावतो. एक दळतं, दुसरं उधळतं. वडारांनी उन्हात बसून फोडलेली खडी दोन-तीन वर्षांत उघडी पडायची. डांबर आलं ते मुख्यतः ही भुकटी जागेवर धरून ठेवायला.

मोटारींच्या रस्त्यांना पैसा कुठून आणायचा हा प्रश्न सोडवायला १९२७ साली जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. पुण्यात त्यांच्या नावाचं ग्रंथालय सगळ्यांना ठाऊक असतं, पण आपल्या रस्त्यांच्या मुळाशीही तेच आहेत हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९३४ च्या डिसेंबरात भारतीय रस्ते परिषद स्थापन झाली. तिथे प्रांतोप्रांतीचे इंजिनिअर एकत्र बसून रस्त्याची रुंदी, चढ, वळण यांचे आकडे ठरवू लागले. १९४३ मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि देशभरच्या रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा झाला. शेती पिकणाऱ्या मुलखात कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये, असा त्याचा हिशेब होता. पाच मैल हे अंतर मोटारीचं नाही. सकाळी गाडी जुंपून बाजाराला जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्याचं आहे, असं मला नेहमी वाटतं.

आता या लेखाला ज्याचं नाव दिलंय त्या सूत्राकडे येते. वळणावर मोटार बाहेर फेकली जाऊ नये म्हणून रस्त्याची बाहेरची कड उंच करतात. साइटवर आम्ही त्याला नुसतं 'सुपर' म्हणायचो. "या वळणाला सुपर किती दिलाय?" असं. तो काढायचं आपल्याकडचं सूत्र असं: वेगाचा वर्ग, भागिले २२५ गुणिले त्रिज्या. पदार्थविज्ञानाचं मूळ सूत्र पाहिलं तर तिथे २२५ नाही, १२७ आहे. मग १२७ चे २२५ कसे झाले? आपल्या इंजिनिअरांनी मोटारीचा पूर्ण वेग धरलाच नाही. तीन चतुर्थांश धरला, आणि उरलेला भार टायर आणि रस्ता यांच्या घर्षणावर सोडला.

कारण याच रस्त्यावरून सावकाश चालणारी वाहनंही जाणार होती. पूर्ण वेगासाठी रस्ता तिरपा केला तर माडीएवढा कडबा रचलेली बैलगाडी आतल्या बाजूला कलंडेल. म्हणून आणखी एक बंधन घातलं: सपाटीवर सुपर शंभरास सातपेक्षा जास्त द्यायचा नाही, आणि बर्फ न पडणाऱ्या घाटात फार तर शंभरास दहा. सात मीटर रुंद रस्त्यावर शंभरास दहा म्हणजे एका कडेपासून दुसरी कड सत्तर सेंटिमीटर उंच. उभं राहून पाहिलं तर चांगलाच तिरपा दिसतो.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कचेरीतल्या टेबलाशी बराच वेळ गप्प बसून राहिले. मोटारीच्या वेगाच्या सूत्रात कुणीतरी बैलाला जागा करून दिली होती. जगभर मान्य असलेलं गणित घेऊन त्यातला एक चौथाई वेग त्यांनी आपल्या कडब्याच्या गाडीसाठी राखून ठेवला. हे करणारी माणसं माझ्यासारखीच कुठल्या तरी घाटात खुंट्या ठोकत हिंडली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

वळणाच्या पलीकडचं किती दिसावं यालाही मोजमाप आहे. ड्रायव्हरचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंच धरतात, आणि समोरचा अडथळा १५ सेंटिमीटरचा. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद. ताशी ८० च्या वेगाला एकशेवीस मीटर पुढचं दिसायला हवं, ५० ला साठ. १५ सेंटिमीटर म्हणजे रस्त्यावर पडलेली एक उटी! चाकाखालचा दगड काढून न ठेवता पुढे गेलेली गाडी मागून येणाऱ्याचा जीव घेऊ शकते. एका वळणावर आतल्या बाजूची झुडपं दोन पावसाळ्यांत वाढली आणि ती तोडायचं राहून गेलं. तिथे एक मोटारसायकलवाला पडलेल्या दगडावर आदळला. तो वाचला. तो रस्ता माझ्या ताब्यात होता. त्यानंतर दर ऑक्टोबरात मी त्या वळणावर डोळा १.२ मीटरवर येईल इतकी वाकून पाहत असे.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदरी, काँक्रीटचा. त्याच्यावर बैलगाडीला, पायी चालणाऱ्याला, दुचाकीलाही मज्जाव. या डोंगरावरच्या रस्त्याच्या हिशेबात चाललेलं माणूस आणि चाललेलं जनावर अजिबात धरलेलं नाही असं पहिल्यांदाच झालं. रस्ता उत्तम आहे, मीही त्यावरून सुखानं जाते. पण खंडाळ्याच्या घाटात तोही जुन्याच डोंगराला शरण आला. तिथे भरलेले ट्रक रांगेनं कण्हत चढतात, अगदी बैलांच्या चालीनं. तो भाग टाळायला नऊ किलोमीटरच्या आसपासचा बोगदा आणि उंच पूल असा नवा दुवा बांधायला घेतला.

त्याच घाटात माल्कमच्या काळचा, १८३० चा दगडी पूल होता. तिथे लागलेल्या जाहिरातीच्या फलकावरून लोक त्याला अमृतांजन पूल म्हणायचे. त्याचे खांब द्रुतगती मार्गात अडथळा होते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता ओस पडला असताना सुरुंग लावून तो पाडला. मी ते फोनवर पाहिलं. कारण मला पटत होतं. वळणावरचे खांब धोक्याचे होते, वाहतूक कोंडत होती. तरीही दगड खाली येताना मला आजीचा उटीवाला पोरगा दिसला, त्या पुलाखालून नाहीतर वरून कधीतरी गेलेला.

गेल्या दिवाळीनंतर मी वेल्ह्याच्या त्या वाडीला गेले. रस्ता आता डांबरी आहे. वाडीत बैलजोडी एकही उरलेली नाही. भात टेम्पोनं खाली येतं. तिसऱ्या हेअरपिनपाशी गाडी थांबवून उतरले. मुकादमांनी पायानं माती उकरून खूण केली होती ती हीच जागा. एकास चाळीसचा चढ अजून तसाच आहे, गटारही मोकळं होतं, कुणीतरी नुकतंच साफ केलेलं. वळणाच्या आतल्या बाजूला कठड्यावर गवताचा भारा टेकवून एक म्हातारी बाई उभी होती. मी विचारलं, "मावशी, इथंच का थांबलात?"

"इथं पाय सपाट पडतो," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसून पुन्हा भारा डोक्यावर घ्यायला मला हात लावायला सांगितला.